उपचार पुरा व्हावा म्हणून

दुर्धर व्याधीने अंथरुणाला खिळलेल्या मनुष्याला आशा कशाने वाटते, याविषयी निरोगी माणसांच्या कल्पना बहुधा पुस्तकी असतात. धीराचे दोन शब्द, देवाचा अंगारा, सारे काही ठीक होईल असे आश्वासन, यांनी मनाला क्षणभर उभारी येते हे खरे. परंतु ज्याने एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, आपल्या माणसाचा नंबर लागण्याची वाट पाहत, सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ बाकावर बसून काढला असेल, त्याला ठाऊक आहे की तेथे बसलेल्या बहुतेकांच्या मनात एकच हिशेब चाललेला असतो : डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेला आपल्याला पुन्हा येता येईल की नाही. ज्याला येण्याची खात्री असते तो, आजार कितीही भारी असो, पुढच्या वर्षीच्या पेरणीविषयी बोलत असतो. आणि ज्याच्या गाठीशी परतीच्या भाड्यापुरतेच पैसे उरलेले असतात तो, आजार बरा होण्यासारखा असूनही, आतून खचलेला असतो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या तारखेपर्यंत उपचार अखंड चालू राहील अशी तजवीज करून देणे, हेच रुग्णाला आशा देणे होय, अशी माझी धारणा आहे. आणि या कामी चार पैसे, थोडा वेळ किंवा आपले रक्त देण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी ते कोठे, कसे व कोणत्या खबरदारीने द्यावे, हे सांगण्याकरिता हा लेख लिहीत आहे.

रुग्णसेवेसाठी दान देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईचे जमशेटजी जिजीभाई रुग्णालय १८४५ साली सुरू झाले, त्याच्या पायाशी त्या व्यापाऱ्याची देणगी होती. पुढे सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. वर्षभराने दोराबजीही गेले, परंतु जाण्यापूर्वी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली होती, आणि त्या निधीतून परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. ते १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत गेले. दात्याने या इतिहासातून एवढे ध्यानी घ्यावे की इमारत, यंत्रे व डॉक्टर यांचा मोठा भार कालांतराने सरकारने उचलला, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारत यांसारख्या योजनांमुळे शस्त्रक्रियेचा व औषधांचा पुष्कळसा खर्चही आता भागू लागला आहे. रुग्णालयात दाखल असेपर्यंतचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडेदेखील फुले योजनेत धरलेले आहे. परंतु रुग्णालयाबाहेर काढावे लागणारे महिने, सोबतच्या माणसाचे राहणे-खाणे आणि गावी बुडणारी मजुरी, यांना कोणत्याही योजनेच्या तक्त्यात रकाना नाही. आणि दुर्दैवाने उपचार अर्धवट सुटतो तो बहुतेक वेळा याच बाबींपायी.

एखाद्या ऊसतोड मजुराच्या कुटुंबाची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादमाकडून एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, उचल घेतलेली असते आणि ती दोघांनी मिळून पाच-सहा महिन्यांत फेडावयाची असते. अशा वेळी सहा-सात वर्षांच्या मुलाला ताप येतो तो उतरत नाही, अंगावर निळसर डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, आणि तालुक्याचा डॉक्टर रक्ताचा अहवाल पाहून मुलाला मुंबईला नेण्यास सांगतो. आई मुलाजवळ राहिली की कोयता मोडला. बाप राहिला तर फडात एकट्या बाईला कोणी उभे करीत नाही. घरी धाकटी मुले व म्हातारी माणसे असतात ती निराळीच. औषध सरकारी योजनेतून फुकट मिळाले, तरी या संसाराची घडी विस्कटावयाची राहत नाही.

मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, ज्याला डॉक्टर ए.एल.एल. या आद्याक्षरांनी ओळखतात, तो पुरा उपचार झाल्यास बरा होणाऱ्या रोगांत मोडतो. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले आज वाचतात. मात्र या उपचाराची मुदत सुमारे दोन ते तीन वर्षांची असते. आरंभीच्या महिन्यांत शिरेतून तीव्र औषधे द्यावी लागतात, पाठीच्या मणक्यात इंजेक्शने द्यावी लागतात, रक्तातील पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की साधा ताप आला तरी काही तासांच्या आत मुलाला रुग्णालयात न्यावे लागते, आणि त्यासाठी कुटुंबाला रुग्णालयाच्या हाकेच्या अंतरावर राहणे भाग पडते. त्यानंतरचा दीर्घ काळ घरी राहून रोजच्या गोळ्या घेण्याचा व ठरलेल्या दिवशी येऊन रक्त तपासून घेण्याचा. खरा धोका या दुसऱ्या काळात असतो, हे पुष्कळ दात्यांना ठाऊक नसते. मुलाच्या डोक्यावर केस पुन्हा येतात, ते पोटभर जेवू लागते, शाळेत जाते, अंगणात खेळते. घरच्यांना ते बरे झालेसे वाटते, आणि मग प्रत्येक फेरीचे भाडे व दोन दिवसांची बुडणारी मजुरी हा नाहक भुर्दंड वाटू लागतो. एक तारीख चुकते, मग दुसरी. आणि पुढे रोग उलटला म्हणजे तो पहिल्यापेक्षा पुष्कळच हटवादी होऊन येतो.

आपले औदार्य बहुधा पहिल्या आठवड्यात जागे होते. रोगाचे नाव ऐकून गावकरी वर्गणी काढतात, नातलग पुढे येतात, शाळेतील शिक्षक पैसे गोळा करून देतात. नवव्या किंवा चौदाव्या महिन्यातील प्रवासभाड्याची विचारपूस करण्यास मात्र कोणी उरत नाही. तेव्हा पहिला सल्ला हा की एकदम २४,००० रुपये देण्याची ज्याची ऐपत आहे त्याने ते दरमहा १,००० या हप्त्याने २ वर्षे देण्याचे ठरवावे आणि तसे त्या कुटुंबाला किंवा त्यांची काळजी वाहणाऱ्या संस्थेला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. रक्कम तीच असते, परंतु पुढील तारखेची तरतूद झालेली आहे हे कळल्याने आईबापांचे मन जितके स्थिर होते तितके एकरकमी मदतीने होत नाही, कारण ती रक्कम आल्याबरोबर देणेकऱ्यांकडे जाते. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाला जोडून काम करणारी इम्पॅक्ट ही संस्था नेमके हेच पाहते : निवास, आहार, रक्त, समुपदेशन यांची व्यवस्था आणि न आलेल्या मुलाचा पाठपुरावा. प्रवासाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट प्रत्येक रुग्णाला सांगण्याजोगी आहे. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला भारतीय रेल्वे शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत १०० टक्के सवलत देते, सोबतच्या एका माणसालाही मोठी सूट असते, आणि त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. हा दाखला मिळवून देण्यासाठी एक दुपार खर्च करणारा सुशिक्षित शेजारी, पाकीट उघडणाऱ्या दात्याइतकाच उपयोगी ठरतो.

निवासाचा प्रश्न मुंबईत विशेष बिकट आहे. टाटा, केईएम व वाडिया ही रुग्णालये एकमेकांच्या शेजारी असल्यामुळे परळच्या त्या चार रस्त्यांवर महाराष्ट्राच्याच काय, बिहार-बंगालच्याही खेड्यांतील कुटुंबे उतरतात, आणि ज्यांना छप्पर मिळत नाही ती पदपथावर प्लॅस्टिकचे कापड ताणून राहतात. उशाला कपड्यांचे बोचके आणि त्यावर, पावसाने भिजू नये म्हणून दोन पिशव्यांत घातलेली, रुग्णाची फाइल : त्या कुटुंबाच्या मालकीची सर्वांत जपलेली वस्तू तीच असते. ज्याच्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत अशा रुग्णाने धुळीत झोपणे आणि उघड्यावरचे खाणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण होय, आणि कष्टाने दिलेले औषध त्यामुळे वाया जाते. म्हणून स्वच्छ खोली ही येथे उपचाराचाच भाग मानली पाहिजे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या करणाऱ्या आणि स्वतः हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाने दादरला जी धर्मशाळा चालते, तिचा आधार कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना झाला आहे. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. मुलांपुरते बोलावयाचे तर २००६ साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे कर्करोगाच्या मुलाला व त्याच्या आईवडिलांना विनामूल्य स्वतंत्र जागा, सामायिक स्वयंपाकघरात स्वतःची शेगडी, शिधा आणि रुग्णालयापर्यंत जाण्यायेण्याची सोय देतात. स्वतःच्या शेगडीचे महत्त्व पुरुष दात्यांच्या चटकन लक्षात येत नाही. तोंड आलेल्या मुलाला तिखट गिळवत नाही, त्याला आपल्या हातची मऊ मुगाची खिचडी करून घालता येणे, ही त्या आईला औषधाच्या बाटलीइतकी मोलाची गोष्ट असते. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय नसेल, तर चार कुटुंबांनी मिळून रुग्णालयाजवळ एक जागा भाड्याने घेऊन ती एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या हवाली करणे, हे नव्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करण्याहून सोपे व लवकर फलद्रूप होणारे काम आहे.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाची गोष्ट थोडी निराळी. त्याला बहुधा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, डायलिसिस घ्यावे लागते. वर्षाकाठी या १५० हून अधिक फेऱ्या होतात. डायलिसिस विनामूल्य झाले तरी खेड्यातून तालुक्याला जाण्याचे भाडे आणि सोबतच्या माणसाचा खाडा हा खर्च कधी संपतच नाही, आणि भाड्यावाचून एखादी पाळी चुकली की अंगाला सूज, दम, आणि मध्यरात्रीची धावपळ ठरलेली. आपल्या गावात असे दोन-तीन रुग्ण असतील, तर त्यांच्या पाळ्या एकाच दिवशी लावून घेण्याची केंद्राला विनंती करावी आणि त्यांच्यासाठी मिळून एक रिक्षा महिनेवारीने ठरवून द्यावी. या दानाला ना फलक लागतो ना समारंभ, पण त्याने माणूस जगतो.

येथेच फळवाटपाविषयी लिहिले पाहिजे. पुढाऱ्यांच्या वाढदिवशी किंवा वाडवडिलांच्या पुण्यतिथीला रुग्णालयात केळी वाटण्याचा रिवाज आपल्याकडे रूढ झाला आहे, आणि त्यामागील भावना सद्भावनाच असते. परंतु डायलिसिसवरील रुग्णाला केळे आणि शहाळ्याचे पाणी अपायकारक ठरू शकते, कारण त्यातील पोटॅशियम त्याच्या शरीराबाहेर टाकले जात नाही आणि ते वाढल्यास हृदयाची गती बिघडते. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णालाही कच्ची, चिरलेली फळे पुष्कळदा वर्ज्य असतात. काहीही नेण्यापूर्वी वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेला किंवा आहारतज्ज्ञांना विचारावे. त्या बहुधा साबण, टॉवेल, तेलाची बाटली, प्रौढांचे डायपर, नाहीतर रात्री सोबतीला राहणाऱ्या माणसासाठी चटई, अशा वस्तूंची नावे सांगतील. आणि तेवढ्याच पैशांत त्या आणता येतात.

रक्तदान हे सर्वांच्या आवाक्यातील आणि दुसऱ्या कशानेही भरून न निघणारे दान आहे. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या आणि हिमोग्लोबिन १२.५ किंवा अधिक असलेल्या निरोगी व्यक्तीला रक्त देता येते. पुरुषाने ३ महिन्यांनी व स्त्रीने ४ महिन्यांनी पुन्हा द्यावे. यात ध्यानी ठेवण्याजोगी बाब अशी की तांबड्या पेशी काही आठवडे टिकतात, परंतु रक्तबिंबिका, ज्यांना सारे प्लेटलेट्स म्हणून ओळखतात, त्या अवघे ५ दिवस टिकतात, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला त्यांचीच गरज वारंवार भासते. महाविद्यालये बंद असतात त्या मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत शिबिरे थांबतात, रक्तपेढ्यांचे साठे आटतात; थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त द्यावेच लागते, त्यांना सुटी नसते. म्हणून शिबिरात वर्षातून एकदा शेकडोंच्या गर्दीत रक्त देण्यापेक्षा रक्तपेढीत आपले नाव, रक्तगट व दूरध्वनी क्रमांक नोंदवून, बोलावणे येईल तेव्हा जाणे अधिक उपकारक होय. ज्यांना सवड आहे त्यांनी यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट्स देण्याची तयारी दाखवावी. त्यास सुमारे दीड-दोन तास लागतात, तांबड्या पेशी दात्याच्या शरीरात परत जातात, आणि एका दात्याकडून मिळणारा साठा साध्या रक्ताच्या पाच-सहा पिशव्यांतून निघणाऱ्या प्लेटलेट्सइतका भरतो. परमुलखात आलेल्या ज्या कुटुंबाला ओळखीचा एकही माणूस नाही, त्यांच्यासाठी अनोळखी गृहस्थ रक्तपेढीत येऊन बसला हे कळल्यावर त्या माणसांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो ज्याने एकदा पाहिला तो पुन्हा बोलावणे येण्याची वाट पाहत नाही.

आता पैसे देण्याच्या रीतीविषयी. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक या नावाचा अधिकारी असतो. कोणत्या रुग्णाला कोणत्या योजनेतून मदत मिळेल, कोणाचा अर्ज कोठे अडला आहे, कोणाला १,२०० रुपयांच्या एका तपासणीपायी आठवडाभर थांबावे लागले आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दात्याने प्रथम त्याला भेटावे. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत पुअर बॉक्स फंड या नावाचा निधी असतो, आणि त्यातून गरीब रुग्णांची औषधे व साहित्य घेतले जाते. विशिष्ट रुग्णासाठी रक्कम द्यावयाची असल्यास रोख न देता ती रुग्णालयाच्या नावाने, रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहून, धनादेशाने किंवा ऑनलाइन भरावी व पावती घ्यावी. रक्कम उरल्यास ती दुसऱ्या रुग्णाकडे वळवावी अशी लेखी संमती त्याच वेळी देऊन ठेवावी. संस्थेला देणगी देताना तिचा नोंदणी क्रमांक विचारावा, लेखापरीक्षकाने तपासलेला जमाखर्च मागावा. सार्वजनिक न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दाखल होतात, ते पाहता येतात, आणि चांगली संस्था अशा चौकशीने कधी रुष्ट होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मदतीच्या हाका पुष्कळदा जुन्या असतात. क्वचित त्यांतील रुग्ण हयातही नसतो. पैसे पाठविण्यापूर्वी संदेशात दिलेल्या रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधून तेथील समाजसेवा विभागाकडे खात्री करावी, डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे अंदाजपत्रक पाहावे, खाते कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, आणि लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरून देत असल्यास ते आपल्यासाठी वेगळी रक्कम तर वजा करीत नाही ना, याची चौकशी करावी. अशी सावधगिरी ठेवल्याने खऱ्या गरजवंताचा वाटा फसवणूक करणाऱ्याच्या हाती जात नाही.

ज्याच्याजवळ देण्यास पैसा नाही, पण कागदपत्रे वाचता येतात, त्याच्यासाठीही येथे मोठे काम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ कक अन्वये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या व १ सप्टेंबर २००६ पासून अंमलात आलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात, आणि देयकांच्या एकूण रकमेपैकी २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता रुग्णाला दाखल करून त्याच्यावर जीवरक्षक उपचार करणे त्यांना बंधनकारक आहे. पुण्या-मुंबईतील कित्येक नामांकित रुग्णालये या योजनेखाली येतात, परंतु ज्यांच्यासाठी ही तरतूद आहे त्यांना तिचा गंधही नसतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, डॉक्टरांची चिठ्ठी, एवढे कागद जुळवून अर्ज नीट भरून देणे आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागून धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागणे, हे काम निवृत्त शिक्षकांनी, बँकेतील व कचेरीतील माणसांनी हाती घ्यावे. आयुष्यभर फायली हाताळलेल्या मनुष्याच्या एका अर्जाने एखाद्या कुटुंबाची जमीन गहाण पडण्यापासून वाचते.

देणगीदारांची पसंती बहुधा यंत्रांना व इमारतींना असते, कारण त्यांवर नाव कोरता येते. मला मात्र असे वाटते की आज अधिक निकड आहे ती माणसांच्या पगाराची : रुग्णाला आजार समजावून सांगणारे समुपदेशक, तारीख चुकलेल्या घरी दूरध्वनी करणारा कार्यकर्ता, घरी जाऊन जखम स्वच्छ करणारी परिचारिका. देणगीच्या पत्रात 'संस्थेला योग्य वाटेल त्या चालू खर्चासाठी' एवढे शब्द लिहिले तरी विश्वस्तांचे हात मोकळे होतात. विनामूल्य सेवा देणाऱ्या उपशामक केंद्रांना हे विशेषच लागू आहे. रोग बरा होण्याची मर्यादा ओलांडून गेल्यावर आशा संपली असे समजून दातेही हात आखडता घेतात, आणि ही मोठी चूक होय. त्या अवस्थेत रुग्णाची आशा लहान होते, पण नाहीशी होत नाही : आजची रात्र वेदनेवाचून जावी, नातीच्या लग्नापर्यंत उठून बसता यावे, घरच्या खाटेवर असावे. मॉर्फीनसारखी औषधे योग्य देखरेखीखाली दिली तर यातले पुष्कळ साध्य होते. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे देशातील पहिले असे आश्रयस्थान, त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आले आहे. घरीच असलेल्या रुग्णांसाठी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आपल्या अनेक गावांत आहेत, तेथे फाउलर खाट, हवेची गादी, चाकाची खुर्ची, वॉकर अल्प अनामतीवर मिळतात. आपल्या घरातील आजारपण सरल्यावर अडगळीत पडलेले असे साहित्य तेथे नेऊन द्यावे. एकेक खाट वर्षभरात किती घरे फिरून येते, ते तेथील नोंदवहीत पाहण्यासारखे असते. उरलेली औषधे मात्र परस्पर कोणाला देऊ नयेत. ती सीलबंद व मुदतीतील असली तरी आधी डॉक्टर किंवा औषधनिर्मात्याला दाखवावीत.

घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेला धक्का न लागेल असे देणे, ही दानाची पहिली अट आहे. रुग्णाबरोबर छायाचित्र काढू नये. केस गळालेल्या मुलीचे तर मुळीच काढू नये, उद्या ती बरी होऊन शाळेत जाणार आहे. अमुक वैद्याकडे जा, अमुक व्रत करा, अशा अटी मदतीला जोडू नयेत, आणि डॉक्टरांचा उपचार सोडून काढ्याच्या मागे लागण्याचा सल्ला कोणत्याही सबबीवर देऊ नये. भेटीस गेल्यावर आजाराचा इतिहास पुन्हा पुन्हा वदवून घेण्यापेक्षा, 'येत्या तारखेला बरोबर कोण येणार आहे?' एवढे विचारावे, आणि कोणी नसेल तर आपण जावे.

कराच्या सवलतीबद्दल थोडक्यात सांगतो. ८०-जी या नावाने परिचित असलेली सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख रकमेवर ती मिळत नाही, धान्य-औषधे अशा वस्तुरूप दानावरही मिळत नाही, आणि साध्या पावतीखेरीज संस्थेकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. ज्यांना आपल्या पश्चात काही द्यावयाचे आहे त्यांनी मृत्युपत्रात संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक व हेतू स्पष्ट लिहावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. संस्था पुढे बंद पडल्यास रक्कम कोणाकडे जावी, हेही त्यातच नमूद करावे.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की येत्या आठवड्यात एक सकाळ मोकळी ठेवून आपल्या जवळच्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात जावे, समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारून काढावी, आणि या महिन्यात ज्याची तारीख पैशावाचून चुकण्याचा संभव आहे असा एक रुग्ण कोण, हे त्यांना विचारावे. त्या एका रुग्णाचा उपचार पुरा होईपर्यंतचा भार, एकट्याने शक्य नसल्यास दोघा-तिघांनी मिळून, आपण पत्करावा.